कॉफीचा ट्रे

माझी मुलगी ग्रेड इलेव्हनमध्ये असताना तिच्या शाळेनं वार्षिक नाटकासाठी एक जुना इटालियन सिनेमा निवडला. कृष्णधवल, प्रेमाचा, विनोदी. समोरासमोरच्या बाल्कन्यांतून एक शिंपीण आणि एक पोस्टमन भांडत राहतात आणि शेवटी लग्न करतात, एवढीच गोष्ट. दुबईत, इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही बापलेकींनी तो इतक्या वेळा पाहिला की शिंपिणीचे संवाद तिला तोंडपाठ झाले. तिला नटी व्हायचं होतं, आणि सुरुवात या शिंपिणीपासून करायची होती. मी पुण्यात एकांकिका केल्या आहेत, मला बरं-वाईट कळतं. बापाचं कौतुक सोडून द्या, पोरगी खरंच चांगली होती.

त्या अख्ख्या सिनेमात सावळं माणूस एकच. श्रीमंत गिऱ्हाइकाच्या घरची मोलकरीण. ती दार उघडते, कॉफीचा ट्रे ठेवते आणि जाते. पहिल्यांदा पाहतानाच मुलीनं तिथे सिनेमा थांबवला होता.

"बाबा, शी डझन्ट इव्हन हॅव अ नेम."

"अगं, जुना काळ. तेव्हा असंच असायचं," मी म्हणालो.

ऑडिशन झाली आणि तिला ती मोलकरीणच मिळाली. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ऑफिसमधून अर्धी सुट्टी टाकून मी नाटकाच्या बाईंना भेटलो. त्या फार गोड बोलल्या. मूळ सिनेमाशी प्रामाणिक राहायचं आहे, म्हणाल्या. त्यांचा पोस्टमन लेबनीज होता आणि शिंपीण रशियन. हा प्रामाणिकपणा नेमका ट्रेपाशीच कसा आला, असं मी विचारलं. त्यांनी मला पाणी दिलं.

प्रयोगाला आमचं मराठी मंडळ लोटलं. आपलं पोर स्टेजवर आहे म्हटल्यावर कोण घरी बसतं! भूमिका काय आहे हे बायकोनं कुणाला सांगितलं नव्हतं. पडदा उघडला, थोड्या वेळानं मुलगी ट्रे घेऊन आली, आणि आमच्या रांगेनं एन्ट्रीला टाळी दिली. आपल्याकडे नटाला देतात तशी, कडकडून, वर एक शिट्टी. शिंपिणीचं वाक्य त्यात बुडालं. बाकीचं प्रेक्षागृह वळून आमच्याकडे पाहू लागलं, मग स्टेजवरच्या मोलकरणीकडे, आणि हसलं. मुलगी टाळी थांबेपर्यंत ट्रे धरून उभी राहिली. मग तो ठेवून आत गेली. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

पार्किंगमध्ये मंडळाची नाटकं बसवणाऱ्या काकूंनी तिला पोटाशी धरलं. "रंग बघून रोल देतात मेले! आपण गणपतीत नाटक करू या, बघतेच मी." मुलगी तेव्हा कुठे रडली. मलाही बरं वाटलं. संकटात शेवटी आपलीच माणसं, असं मी गाडीत म्हणालोसुद्धा.

गणपतीच्या नाटकासाठी तिनं मराठी संवाद इंग्रजी अक्षरांत लिहून घेतले, शाळेत जाता-येता घोकले. घरात प्रत्येक गोष्टीला इंग्रजीत उत्तर देणारी माझी मुलगी वाचनाच्या दिवशी अस्सल मराठीत नायिकेचं दुःख बोलली. काकूंनी डोळे पुसले. मग नायिका एका गोऱ्या मुलीला दिली.

"नायिका जरा उजळ हवी गं, लाइटमध्ये चेहरा उठून दिसला पाहिजे," त्या प्रेमानं तिच्या गालावरून हात फिरवत म्हणाल्या. "तू कामवाली कर. तुला अनुभव आहे."

मी भांडलो. तोंडाला येईल ते बोललो. काकूंना खरंच कळेना की मी चिडलो कशावर. "अहो भाऊजी, छान कॉमेडी रोल आहे," त्या म्हणत राहिल्या. मुलीनंच माझा दंड धरला.

"यल्ला बाबा, लेट्स गो."

घरी जाताना शेख झायेद रोडवर ती म्हणाली, "स्कूलमध्ये मी स्वतःला सांगितलं होतं, दे आर नॉट अवर पीपल. आता काय सांगू?"

ती आता कॉलेजात फायनान्स शिकते. नाटकाचं नाव काढत नाही.