थडग्याच्या दारातली पेईबाई

मांग टेकडीच्या पायथ्याशी माझ्या मैत्रिणीची, छिन्यांगची, मातीकामाची भट्टी आणि माझी तिळाच्या रोट्यांची भट्टी पाठीला पाठ लावून आहेत. लोयांग शहरातली बडी माणसं या टेकडीवर पुरतात, आणि त्यांच्यासोबत जमिनीखाली जायचं सामान छिन्यांग घडवते. मातीचे उंट, घोडे, आचारी, नाचणाऱ्या मुली. शिवाय राखणदारांची जोडी. खूर, शिंगं आणि खांद्यावर ज्वाळा असलेले हे दोघे थडग्याच्या दाराशी बसतात आणि मेलेल्याचं काळीज खायला येणाऱ्या पिशाचांना हाकलतात. एकाला सिंहाचं तोंड असतं, दुसऱ्याला माणसाचं.

वडिलांमागे भट्टी तिच्याकडे आली. सिंह तिला झकास जमायचा, पण माणसाचं तोंड काही केल्या साधेना.

"पोट बिघडलेल्या कारकुनासारखा दिसतोय," मी म्हणायचे.

"तू रोट्या भाज गं," ती करवादायची.

एकदा धान्याचे जुने व्यापारी पेईआजोबा बायकोला घेऊन आले. माणूस धडधाकट, पण स्वतःचं थडगं आत्ताच बांधायला घेतलेलं, आणि उत्साह असा की जणू पोराचं लग्न काढलंय.

"पोरी, आचारी दोन कर. एक मेला तर?"

"आजोबा, तिथे कोण मरणार आहे?"

पेईबाई तोवर माणसाच्या तोंडाच्या राखणदाराकडे टक लावून बघत होत्या. "हे ध्यान दारात बसवणार? माझी आई आधीच तिकडे आहे. मी गेले की भेटायला येईल, आणि याला बघून आल्या पावली परत जाईल."

"मग तर दोन बसवू," आजोबा पुटपुटले.

बाईंनी मान वळवून त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. भुवया चढलेल्या, नाकपुड्या फुललेल्या, ओठ घट्ट मिटलेले. आजोबांना एकदम जमिनीवरच्या मुंग्या मोजायचं काम निघालं. छिन्यांगचे हात मातीत तसेच थांबले. ती मंडळी गेल्यावर ती जेवलीसुद्धा नाही, कामालाच बसली.

भट्टी उघडली त्या दिवशी मी कपाळावर हात मारला. "अगं, ही तर पेईबाई! आता तुझी धडगत नाही."

"माहितीये," ती म्हणाली. "पण बघ ना, जमलंय की नाही?"

जमलं होतं. अंगावर हिरवा-पिवळा रंग ओघळलेला, डोक्यावर शिंग, आणि खाली तो चेहरा.

तेवढ्यात आजोबा आत आले, अंधाऱ्या कोपऱ्यातल्या त्या चेहऱ्यावर त्यांची नजर गेली आणि ते घाईघाईने म्हणाले, "मी काही बोललो नाही हं!"

"कोणाशी बोलताय?" मागून बाईंचा आवाज आला.

आजोबांनी एकदा मागे पाहिलं, एकदा पुढे पाहिलं आणि मातीच्या ढिगावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. बाई हसल्या नाहीत. पुतळ्याभोवती हळूहळू फिरल्या, त्याच्या गालावरून हात फिरवला. छिन्यांग माझा हात दाबून उभी होती.

"आई गेली तेव्हा मी रांगत होते," बाई म्हणाल्या. "ती मला ओळखणार कशी, याचाच घोर होता मला. लोक म्हणतात मी हुबेहूब तिच्यासारखी दिसते. आता दारातच तिला कळेल, लेकीचं घर कुठलं ते." मग जरा थांबून, "नाक मोठं झालंय."

"नाक बरोबर आहे," आजोबा म्हणाले, आणि परत मुंग्या मोजू लागले.

थडग्याची गरज पडायला बरीच वर्षं गेली. तोवर राखणदारीण पेईंच्या अंगणात होती, तिच्या पाठीवर कोंबड्या बसायच्या. शेवटी आजोबा आधी गेले. थडगं बंद करायच्या वेळी पेईबाई आपल्याच मातीच्या तोंडापाशी वाकून म्हणाल्या, "मी येईपर्यंत लक्ष ठेव. हे खारवलेलं मांस मागतील, देऊ नकोस." सगळे रडता रडता हसले.

आता लांबलांबून लोक आपापल्या आज्या, सासवा, आत्या घेऊन येतात आणि छिन्यांगसमोर त्यांना मुद्दाम चिडवतात. ती स्वतःही बाजारात भांडणं शोधत फिरते. परवा माझ्या दुकानापुढे एका बदकावरून दोन बायकांची जुंपली. मी सोडवायला धावले, तर ही मातीने माखलेल्या हातांनी पळत आली आणि ओरडली, "थांब गं! डावीकडची आत्ता कुठे रंगात येतेय!"