एडनचं पान

रावसाहेबांनी डाव्या हातात पुस्तक धरलं आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी त्यातून गवताची काडी ओढून काढली. ते ओट्यावर. मी खाली अंगणात, डोक्यावर गवताचा भारा तसाच. उतरव म्हणायला कुणी नव्हतं.

"ही काडी माझ्या पुस्तकात कशी आली?"

 त्यांनी पानं फडफडवली. आणखी एक निघाली. मग आणखी. पाच निघाल्या. खाली पडताना मी एकेक ओळखत होते. पहिली मिसर देशाची. मग चीन, रूस, तुर्कस्तान. पाचवी इराणची, ती अजून जरा हिरवी होती. इराणच्या पुढचं पान एडनचं. तिथवर आम्ही पोचलोच नव्हतो.

"महारणीच्या भाऱ्यातलं गवत माझ्या कपाटात! घरात शिरलीस तू?"

माझा नवरा पलटणीत होता. पलटण एडनला गेली, तो तिकडे गेला. वर्षाने सरकारी कागद आला. एडन येथे तापाने मयत. तो कागद महारवाड्यात मीच वाचला, कारण दुसरं कुणी वाचणारं नव्हतं. माझा बाप पलटणीत हवालदार. त्याने छावणीच्या शाळेत मला अक्षरं शिकवली होती. त्याला वाटलं असेल, पोरीच्या उपयोगी पडतील. पडली. स्वतःच्या कपाळीचं मरण मी स्वतः वाचलं, आणि सासूला वाचून दाखवलं.

तेव्हापासून मला एकच खूळ. एडन कसं आहे? जमीन कसली? झाडं आहेत का? तहान लागली तर त्याला पाणी कुणी दिलं असेल? तिथेही त्याला वरून ओंजळीतच ओतलं का? कुणाला विचारणार? महारवाड्यात म्हणायचे, गेला तो गेला, तू कशाला उकरत बसतेस. मी उकरत बसले. रात्र रात्र नाही, दिवसाढवळ्या, मोहने गावाच्या बाजूला नदीकाठी गवत कापताना. विळा चालायचा आणि डोक्यात एडन चालायचं.

कल्याणला रावसाहेबांकडे दोन गाई होत्या. पेन्शनर मामलेदार. मी दिवसाआड त्यांच्या गोठ्यामागे भारा टाकायचे. एका दुपारी वर्तमानपत्राचं फाटकं पान वाऱ्याने माझ्या पायाशी आलं. भारा उचलायला गडी येईपर्यंत मी ते वाचत उभी राहिले, ओठ हलवत. गोठ्याच्या दारातून आवाज आला.

"अगं बाई! तुला वाचता येतं?"

रावसाहेबांची दुसरी बायको. वीस-बावीसची असेल. मी तिला बाईसाहेब म्हणायचे. तिला अक्षर येत नव्हतं. बाईने अक्षर वाचलं तर कुंकू पुसलं जातं, असं त्या घरात म्हणत. आणि माझं बघा. बोलण्यासारखं त्या घरात तिलाही कुणी नव्हतं. रावसाहेब जेवून वाचनालयात गेले की ती कपाटातून एक जाड पुस्तक काढायची. देशोदेशींच्या गोष्टी. प्रत्येक देशाची एक गोष्ट, एक चित्र.

आमची बैठक अशी. ती गोठ्याच्या मागच्या दारात, उंबऱ्याच्या आत. मी बाहेर, दोन हात लांब. पुस्तक उंबऱ्यावर. पानं तीच उलटणार, मी शिवायचं नाही. आणि तिला चित्रं बघायची, म्हणून पुस्तकाचं तोंड तिच्याकडे. मला अक्षरं उलटी. पहिले आठ दिवस डोकं गरगरलं. मग जमलं. उलटं पुस्तक मी धाडधाड वाचायला लागले. एक देश वाचून संपला की भाऱ्यातली एक काडी मी पानावर टाकायची, लांबूनच. ती पुस्तक मिटायची. पुढच्या वेळी तिथून सुरू.

ती काडी म्हणजे मीच केलेली चूक. शिकल्यासवरल्या घरात खुणेला मोराचं पीस ठेवतात, रेशमाचा गोंडा ठेवतात. मला कुठलं सुचायला. माझ्या हाताशी गवत होतं.

मला ती आवडायची. खोटं कशाला बोलू? रूसच्या गोष्टीत बर्फात हरवलेली म्हातारी होती, तेव्हा आम्ही दोघी रडलो. ती आत, मी बाहेर. एकदा तिने माझ्यासाठी गुळाचा खडा आणला आणि वरून पदरात टाकला. गूळ गोड लागला, ते टाकणंही लागलं. चीनच्या राणीची गोष्ट तिने तीनदा वाचून घेतली. मी दर देशात एकच शोधायचे, इथेही कुणाला अंगणात उभं करतात का. करत होते. नावं वेगळी.

एकदा मी म्हटलं, "बाईसाहेब, एडनचं पान काढता का? माझा धनी तिथं गेला."

"क्रमाने गं. मधलं राहून जाईल. येईलच की ते."

तिच्या नखाएवढ्या अंतरावर होतं ते. नुसतं उलटायचं. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. म्हटलं, इतकी वर्षं थांबलेय, आणखी दोन देश थांबू.

आणि आता रावसाहेब ओट्यावर, इराणची काडी माझ्या पायाशी.

"मी नाय शिवले, मायबाप. घरात नाय आले."

"मग काय काड्या चालत गेल्या?"

बाईसाहेब दारात आली होती. मी तिच्याकडे पाहिलं. एवढंच म्हणायचं होतं तिने, मीच काढलं पुस्तक. रावसाहेबांनी तिला विचारलं. ती खाली बघून म्हणाली, "मला मेलीला काय ठाऊक! मी माजघरात निजले होते. घुसली असेल ती."

 तिने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

शेजारचे दोघेतिघे कुंपणाशी जमले होते. त्यांना बघून रावसाहेबांना चेव आला. त्यांनी पुस्तक उघडलं, मुद्दाम उलटं करून माझ्यासमोर धरलं आणि हसले. "बघा रे, पुस्तक उलटं आहे हेसुद्धा कळत नाही हिला. आणि खुणा घालतेय! वाच की."

मी वाचलं. डोक्यावर भारा, मान ताठ. जिथे पान उघडलं होतं तिथून, खालच्या टोकापर्यंत, एका अक्षराला न अडखळता.

कुंपणावरचं हसू थांबलं. रावसाहेब पुस्तकाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मग हळूच मान वळवून बायकोकडे. आयुष्यभर निवाडे केलेला माणूस तो. उलटं वाचायची सवय कुणाला लागते? ज्याच्या समोर दुसरं कुणीतरी पुस्तक धरून बसतं त्याला. त्यांना कळलं. कळलेलं मला त्यांच्या तोंडावर दिसलं. पण बायको महारणीकडून पुस्तक वाचून घेते, हे चारचौघांत कसं कबूल करणार? त्यापेक्षा महारीण चोर बरी.

त्यांनी पुस्तक अंगणात भिरकावलं. कोपऱ्यात पाचोळा जळत होता, तिकडे बोट केलं.

"तू विटाळलंस. तूच उचल आणि जाळ. घरातलं कुणी हात लावणार नाही आता त्याला."

मी भारा खाली टाकला. वाकले. पुस्तक उचललं. जड होतं. इतके दिवस वाचलं, आणि ते जड आहे हे मला ठाऊकच नव्हतं. वरची धूळ मी पदराने पुसली.

"जाळ म्हणतो ना!"

"मघाशी शिवले नव्हते, रावसाहेब. आता शिवले."

"काय?"

"तुम्हाला चालत नाय ना? मग माझं. फौजदाराला बोलवा. पान कोण उलटत होतं, ते मी त्याला सांगेन."

 कुंपणावरच्यांनी वाट दिली. विटाळाच्या भीतीने दिली, पण दिली. जोहार न घालता मी त्या अंगणातून बाहेर पडले. जन्मात पहिल्यांदा. 

त्या आळीत माझं गवत बंद झालं. सासू म्हणाली, "ते नेऊन दे बाई. तुझ्यापायी सगळ्या वाड्याला भोगावं लागेल." शेजारणी माझ्याशी बोलेनात. कल्याणला उलटं वाचून लोकांना गप्प केलं, आणि घरी सुलटं वाचायला बसले तर ऐकायला कुणी नाही.

एडनचं पान काढलं. दीड पान होतं. काळे डोंगर. झाड नाही. पाऊस नाही. डोंगरात कोरलेली पाण्याची मोठी टाकी. बोटी कोळसा घ्यायला थांबतात. साहेबांचे बंगले समुद्राकडे तोंड करून. गोष्ट एका साहेबाच्या हरवलेल्या कुत्र्याची, सापडतो शेवटी. पलटणीचं नाव नाही. आमच्यातल्या एकाचंही नाही. मी ते दीड पान पुन्हा पुन्हा वाचलं आणि ओक्साबोक्शी रडले. नवरा मेला तेव्हा एवढी रडले नव्हते.

मग नदीकाठचा बोरू आणला, विळ्याने टोक काढलं, काजळ पाण्यात कालवलं आणि समासात लिहिलं. त्याचं नाव. त्याच्या बापाचं नाव. कल्याणचा महार, शिपाई, इथे मेला. कोऱ्या जागेत मावेल तेवढं मोठं लिहिलं.

चार महिन्यांनी रावसाहेबांच्या गोठ्यातली शेणवाली आली. दबकत म्हणाली, "बाईसाहेब इचारतात, इराणच्या पुढं काय झालं? दुपारची ये म्हणतात. मागच्या दारानं. ते घरी नसतात."

माझं मन गेलं क्षणभर. खरंच गेलं. तो उंबरा, ती रूसची म्हातारी. चार महिन्यांत कुणी मला एक शब्द विचारला नव्हता, आणि हिने पुढच्या देशाची चौकशी केली होती.

मी सांगितलं, "पुस्तक माझ्या ओट्यावर आहे म्हणावं. ऐकायचं तर भर दिवसा, पुढच्या वाटेने महारवाड्यात यायचं. माझ्यासमोर जमिनीवर बसायचं. चित्रं तिला उलटी दिसतील. आणि पान मी उलटणार."