वहिनी, ग्लास ठेवा

रविवारी सकाळी नऊला अरुणचा फोन आला नाही, तेव्हा मी बायकोला म्हटलं, "शास्त्रज्ञ आज झोपलाय." साडेदहाला त्याच्या मुलीचा फोन आला, तो गेल्याचा. त्याला आता सात आठवडे झाले...

लहानपणी झाशीत खंडेराव गेटजवळ आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्याचे वडील, नाना, रेल्वेत चाकं ठोकायचे. गाडी थांबली की लांब दांड्याच्या हातोडीने एकेका चाकावर टोला; आवाज खणखणीत तर चाक धड, बद्द आला तर तडा. नाना घरात जेवताजेवता मालगाडीचा तडा ओळखतात, असं मी गावभर पसरवलं होतं. अरुण तेवढंच टोकायचा, "जेवताना नाही. फलाटावर." पण स्वतः दतिया गेटला माठ घ्यायला गेला की चाळीस माठ वाजवून बघायचा, आणि कुंभार हात जोडायचा, "भैया, अब ले भी लो." पुढे तो मेंदूचा शास्त्रज्ञ झाला. केसाहून बारीक तारा मेंदूत सरकवायच्या, एकेका पेशीची कुरकुर ऐकायची, बिघडलेली जागा सापडली की तार तिथेच कायमची ठेवायची आणि छातीत बसवलेल्या पेटीतून तिला हलका प्रवाह द्यायचा, यात त्याची सगळी नोकरी गेली. म्हणायचा, "नाना बाहेरून ठोकायचे, मी आतून ऐकतो."

मग माझा उजवा हात कापू लागला. इतका, की प्रेम नगरच्या घरात चहा ओतला तर शिंतोडे दतिया गेटपर्यंत. दोन वर्षं मी सबबी सांगितल्या, शेवटी तोच येऊन मला त्याच्या इस्पितळात घेऊन गेला. या शस्त्रक्रियेत माणूस जागा लागतो, बोलता लागतो. म्हणून डोक्याला भोक पडलेलं असताना मी डॉक्टरांना नानांच्या गोष्टी ऐकवत होतो आणि अरुण कोपऱ्यात स्पीकरला कान लावून बसला होता. मध्येच म्हणाला, "इथेच." हात थांबला. मी रडलो नाही, असं मी सगळ्यांना सांगतो.

तेव्हापासून दर रविवारी नऊला फोन. कसा आहेस वगैरे काही नाही, नुसतं "वाजव." मी उजव्या हाताने स्टीलच्या ग्लासवर चमच्याचे वीस ठोके द्यायचे, आणि त्याने तिकडे ऐकायचे.

गेल्या हिवाळ्यात तो स्वतःच अंथरुणाला खिळला, आणि नेमके तेव्हाच माझे ठोके अडखळायला लागले. कळलं तर हा सलाइन उपटून झाशीची गाडी पकडेल, याची मला खात्री. म्हणून एका रविवारी चमचा बायकोकडे दिला. तिने वाजवलं, अगदी घड्याळासारखं. पलीकडून त्याचा बारीक झालेला आवाज आला, "वहिनी, ग्लास ठेवा. त्याला वाजवू दे."

मी वाजवलं. सगळे वीस त्याने ऐकून घेतले.

"बाळ्या, पेटीचा प्रवाह वाढवून घे. उद्याच जा. जगाला काय थापा मारायच्या त्या मार, मला नको."

उद्या म्हणता म्हणता आठवडा गेला, आणि पुढच्या रविवारी नऊला फोन वाजलाच नाही. त्याने माझे शेवटचे ठोके ऐकले ते अडखळलेलेच.

तेराव्यानंतर जाऊन प्रवाह वाढवून घेतला. आता रविवारी नऊला बायको न सांगता ग्लास पुढ्यात ठेवते. मी वीस ठोके देतो. एकसारखे पडतात, यात काही वाढवून सांगत नाही. मग चमचा खाली ठेवतो, आणि टोला दिल्यावर नाना चाकापाशी मान कलती करून थांबायचे, तसा थोडा वेळ थांबतो...