कुंडीवरचा गेणबा

निरवांगीत गेणबाच्या वाटेला शहाणा माणूस जात नसे. म्हातारा ओट्यावर बसलेला दिसला की लोक मोबाइल कानाला लावून, नसलेला फोन आल्यासारखं बोलत पुढं सरकायचे. कारण एकदा त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की समोरच्याच्या आज्यापणज्यापर्यंत जाऊनच तो थांबायचा. सोसायटीच्या चेअरमनला त्यानं भर सभेत 'बिनरसाचं कांडं' म्हटलं होतं, आणि चेअरमननं ते हसण्यावारी नेलं होतं, कारण दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. पण गावावरचा हा राग म्हणजे नुसता सराव होता. त्याचा खरा राग एकाच माणसावर होता, आणि तो माणूस म्हणजे त्याचा सख्खा थोरला भाऊ, कुंडलिक.

कुंडलिक पैलवान म्हटलं की इंदापूर-बारामतीकडची जुनी माणसं अजून मिशीवर हात फिरवतात. जत्रेच्या आखाड्यात त्यानं भलेभले आडवे केले होते. खांद्यावर गदा घेतलेला त्याचा फोटो तालमीत लागला, न्हाव्याच्या दुकानात लागला. पुढं तो बारामतीला मुलाकडं राहायला गेला, तिथंही त्याला लोक वाकून नमस्कार करत. गेणबाचा फोटो कुठंच नव्हता. असणार कसा? कुंडलिक आखाड्यात होता तेव्हा गेणबा घरी बदाम घोटायच्या कुंडीवर होता.

त्या काळी शेतकऱ्याच्या घरात एकच पैलवान पोसता यायचा. दोघांना बदाम आणि दोघांना तूप म्हणजे घर मोडायची पाळी. म्हणून घरातला एक पोरगा तालमीत जायचा आणि बाकीचे त्याच्यासाठी राबायचे. हीच रीत होती आणि तिच्याविरुद्ध कोणी ब्र काढत नसे. त्यांच्या वडिलांनी, आप्पांनी, कुंडलिकला लंगोट दिला आणि गेणबाच्या हातात कडुनिंबाचा सोटा दिला. गेणबाच्या हाडात रग नाही, एवढंच कारण त्याला सांगण्यात आलं.

मग त्याची सगळी तरणी वर्षं दगडी कुंडीपुढं गेली. रात्री भिजवलेले बदाम सकाळी सोलायचे, कुंडी तळपायांच्या बेचक्यात धरायची आणि सोटा फिरवत राहायचं. बदाम आधी फुटतात, मग त्यांचा रवा होतो, मग लगदा. आणि लगद्याच्याही पुढं, खांदा भरून आल्यावर, एक वेळ अशी येते की चिमटीत धरून चोळलं तरी बोटाला कण लागत नाही, नुसती साय. तिथवर नेल्याशिवाय आप्पा हात थांबवू द्यायचे नाहीत. आणि एवढं करून त्यातलं बोटभरसुद्धा गेणबाच्या तोंडात कधी गेलं नाही. कुंडी विसळलेलं पाणीही कुंडलिकच प्यायचा. उजवा हात डाव्याच्या दीडपट झाला, एवढीच काय ती गेणबाची कमाई. लोक त्या हाताकडं बघून विचारायचे, तुमीबी पैलवान व्हता का? त्या प्रश्नानं त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्याला फार काही नको होतं. कुंडलिकनं चार माणसांत एकदा म्हणावं, की हे अंग गेणबाच्या हातानं झालंय. बस, एवढंच. पण तेवढं कुंडलिकच्या तोंडून कधी आलं नाही, आणि हळूहळू गेणबानं त्याला दादा म्हणणं सोडून दिलं.

मागच्या उन्हाळ्यात कुंडलिकची नात उत्कर्षा निरवांगीला आली. पोरगी पुण्यात शिकलेली. बारामतीत भिगवण रस्त्याला हॉटेल काढत होती. त्यात गॅस नाही, दूध नाही, सगळं कच्चं. झुकिनी नावाची काकडीसारखी भाजी किसणीवर लांब शेवयांसारखी किसायची, आणि तिच्यावर काजू-बदामाचा पांढरा दाट सॉस. पास्ता म्हणायचं त्याला.

"समदं कच्चंच?" गेणबानं विचारलं.

"हो आबा. शिजवलं की त्यातलं सत्त्व जातं."

"मग हाटेल कशाला म्हणतीस, गोठा म्हण. तितंबी समदं कच्चंच खात्यात."

गेणबाची बायको सरुबाई चहा घेऊन आली होती, तिनं नवऱ्याकडं डोळे वटारले. उत्कर्षानं मात्र ते मनावर घेतलं नाही. तिला काम होतं. मिक्सरमध्ये काजू दाट वाटायला गेलं की पातं तापतं, काजू गरम होतात, तेल सुटतं, आणि मग तो सॉस कच्चाही राहत नाही आणि सायीसारखाही होत नाही. पुण्याहून भारी मशीन आणलं, तेही तापलं. शेवटी तिला आजोबांच्या खुराकाची आठवण झाली.

"तात्या आजोबाच म्हणाले, गेणबाकडं जा, त्याच्याकडं कुंडी असेल."

"नाव घेतलं माझं?"

"घेतलं की."

एवढ्याशा गोष्टीनं आपण विरघळलो, याचा म्हाताऱ्याला स्वतःचाच राग आला. तेवढ्यात पोरीनं उत्साहाच्या भरात मोबाइलवर हॉटेलची पाटी दाखवली. पाटीवर गदा घेतलेला कुंडलिक, आणि खाली मोठ्या अक्षरात, 'पैलवान सॉस. कुंडलिक पैलवानांच्या खुराकातून थेट तुमच्या ताटात.'

"त्याच्या खुराकातनं," गेणबा म्हणाला. "अन् खुराक काय झाडाला लागत व्हता?"

"आबा, फोटो त्यांचाच आहे आपल्याकडं. लोकांना पैलवान बघायचा असतो."

"व्हय. घोटणारा कोण बघतोय."

पोरगी मनाची खरी होती, तिनं उलट उत्तर दिलं नाही. मग गेणबानंच अट घातली. मी येतो, घोटतो, मला त्याचं काही नको. पण उद्घाटनाला सगळ्यांपुढं कुंडलिकनं सांगायचं, की बदाम गेणबा घोटायचा. तेवढं त्यानं म्हटलं तर मी मरेपर्यंत तुझी कुंडी चालवीन. उत्कर्षानं बारामतीला जाऊन आजोबांना तसं सांगितलं, आणि फोन करून कळवलं की तात्यांनी मान हलवली. सरुबाईनं नवऱ्याचं ठेवणीतलं धोतर काढून उन्हात टाकलं.

उद्घाटनाच्या दिवशी गेणबा कुंडी पोत्यात घालून एसटीनं बारामतीला गेला. हॉटेल चकाचक, बाहेर मोटारींची रांग. कुंडलिक फेटा बांधून खुर्चीत बसला होता, आणि येणारा-जाणारा त्याच्या पायाला हात लावत होता. दोघा भावांची नजरानजर झाली.

गेणबाला एका कोपऱ्यात बसवलं होतं. त्यानं सवयीनं कुंडी पायांत धरली, तशी उत्कर्षा धावत आली. "आबा, पाय नका लावू, लोक व्हिडिओ काढतायत." तिनं कुंडीखाली ओल्या टॉवेलची चुंबळ सरकवली. ज्या पायांनी एक पैलवान उभा केला त्यांचा आता विटाळ झाला, असं गेणबाच्या मनात आलं; पण आज त्याला भांडायचं नव्हतं. भिजलेले काजू, सोललेले बदाम, लसणाच्या दोन पाकळ्या, मीठ, मिरी. सोटा फिरू लागला. मधूनमधून पोरगी लिंबू पिळी आणि चमचाभर गार पाणी घाली. फोडी गेल्या, रवा गेला, लगदा गेला, आणि कुंडीत दाट पांढरी साय चकाकू लागली. उत्कर्षानं ती हिरव्यागार शेवयांवर ओतली, तेव्हा ती सावकाश खाली उतरली आणि शेवईला धरून राहिली. लोक खाऊन खूश झाले. यात दूध नाहीच का, असं जो तो विचारू लागला. डेअरीला दूध घालणाऱ्यांच्या तालुक्यात ही मोठीच नवलाई होती.

मग कुंडलिकला बोलायला उभं केलं. पुन्हा घोटायला बसलेल्या गेणबाचा हात आपोआप हळू झाला. कुंडलिक मारुतीवर बोलला, मातीवर बोलला, हल्लीच्या पोरांच्या पोटावर बोलला. शेवटी पुढच्या ओळीतल्या एका बाईनं आपणहून विचारलं, "तात्या, तुमच्या वेळी हे बदाम घोटून कोण द्यायचं?"

उत्कर्षानं हसून कोपऱ्याकडं बघितलं.

"कोण देणार," कुंडलिक म्हणाला. "आमच्या वेळंला पैलवान आपलं आपणच घोटायचा. त्यातच निम्मी मेहनत व्हायची."

टाळ्या पडल्या. गेणबानं सोटा कुंडीत टाकला आणि तो तसाच बसून राहिला. त्याचं डोकं असं तापलं होतं की समोरची माणसं त्याला दिसेनात.

थोड्या वेळानं कुंडलिक हात धुवायला मागच्या मोरीकडं गेला. गेणबा उठून त्याच्या मागं गेला आणि त्यानं दार लोटून घेतलं.

"खोटं बोलायला लाज वाटली न्हाय?"

"न्हाय वाटली," कुंडलिक नळ बंद करत म्हणाला.

"मी आता बाहीर जाऊन समद्यांना सांगतो."

"सांग की. काय सांगशील? 'मी घोटायला व्हतो' म्हणून? त्यानं तू कोण ठरतोस? गडी ठरतोस गडी."

"व्हय, गडी. माझ्या अंगात रग न्हवती, म्हणून गडी झालो. पण झालो ना तुझ्यासाठी?"

कुंडलिकनं फेट्याच्या शेमल्यानं तोंड पुसलं. भावाकडं बघितलं. मग तो अगदी सरळ आवाजात बोलला.

"नीरा नदीच्या वाळूत आपण झोंबलो व्हतो, आठवतंय? तू मला ढाक मारून पाडलंस."

गेणबाला आठवत होतं. मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा. "तू मुद्दाम पडला व्हतास. तूच म्हणालास तसं."

"म्हणालो. पण मुद्दाम पडलो न्हवतो. दोनदा सुटायला बघितलं, सुटलो न्हाय. तुझी पकड मला कधी सुटलीच नसती. घरी येऊन आप्पांना म्हणलो, गेणबाच्या हाडात रग न्हाय, त्याला कुंडीवर बसवा. आप्पांनी ऐकलं."

मोरीचा नळ ठिबकत होता. बाहेर कोणीतरी उत्कर्षाला शेवया संपल्या का, असं विचारत होतं.

"तुला घोटायला का बसवला? घोटायला गावात कुणीबी मिळालं असतं," कुंडलिक म्हणाला. "तू दिसायला पायजे व्हतास मला. रोज सकाळी. खाली बसलेला."

गेणबाला हात उचलायचा होता. तो उजवा हात, ज्याच्यात सगळं आयुष्य उतरलं होतं. तो उचलला गेला नाही. आपण कमी होतो, हे त्यानं कधीचंच पचवलं होतं. त्या कमीपणावर तो चिडत होता, पण त्याच्यावरच तो उभाही होता. माणूस दुबळा जन्मला तर त्याचा इलाज नसतो, असं म्हणून त्यानं कितीतरी सकाळी रेटल्या होत्या. आता तेवढाही आधार या माणसानं काढून घेतला.

"हे मला आता कशाला सांगितलंस?"

"एकट्याला जड व्हायला लागलं व्हतं," कुंडलिक म्हणाला. "आता मला झोप लागंल."

"बाहीर येऊन बोल हे."

"न्हाय बोलणार." त्यानं आरशात बघून फेटा सारखा केला, दार उघडलं आणि तो लोकांत जाऊन बसला. लगेच दोन पोरं त्याच्याबरोबर फोटो काढायला आली.

गेणबा बाहेर आला. उत्कर्षा रिकामी ताटं घेऊन कुंडीपाशी उभी होती. सॉस संपला होता, काजू भिजलेले होते, माणसं थांबली होती. तिचं तोंड उतरलेलं होतं. "आबा, तात्या असं का बोलले मला खरंच माहीत नाही. मी बोलते त्यांच्याशी. पण आता एवढी एक कुंडी—"

"त्याला बसव," गेणबा म्हणाला. "त्याला घोटता येतंय. आत्ताच सांगितलं त्यानं समद्यांना."

कुंडी तिथंच टाकून तो चालत एसटी स्टँडवर गेला.

तो निरवांगीत उतरला तेव्हा सरुबाई दारातच वाट बघत होती. तिला एकच गोष्ट ऐकायची होती.

"बोललं का थोरलं भावजी?"

"बोलला."

सरुबाईनं हात जोडले. लग्न झाल्यापासून या एका वाक्यापायी तिनं शिव्या ऐकल्या होत्या, उपाशी झोपली होती, सणाला दिराचं तोंड बघितलं नव्हतं. "झालं एकदाचं. आता तरी सोडा राग. कधी जायचं त्यांच्याकडं?"

गेणबानं टोपी खुंटीला अडकवली. "त्यो मेला तर मी खांदा द्यायला जाणार न्हाय," तो म्हणाला. "तुलाबी जायचं न्हाय."

"असं काय बोलताय? बोललं म्हणताय न्हवं ते?"

"बोलला म्हणूनच."