साकवावरचं वजन

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण गणिताच्या मास्तरनं एवढा मोठा घोळ घातल्याचं तुम्ही ऐकलं नसेल. आणि तोही शाईनं, कागदावर, पुराव्यासकट!

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली होती. मी महाडला शाळेत गणित शिकवत होतो. मुंबईला विद्यापीठात इंजिनीअरिंगच्या गणिताचा एक संशोधन गट होता, त्याचे प्रमुख बर्वे सर. मला तुमच्यात घ्या म्हणून पत्रं लिहून लिहून मी त्यांना बेजार केलं होतं. छापील शोधनिबंधावर, खाली कोपऱ्यात का होईना, आपलं नाव यावं, एवढंच माझं स्वप्न. आमची ही म्हणायची, देव्हाऱ्यात गणपतीशेजारी बर्वे सरांचा फोटो तेवढा लावायचा राहिलाय.

शेवटी सरांनी काम दिलं. पोलादपूरच्या पुढे एका ओढ्यावर जुना लोखंडी साकव होता, माणसं जाण्यापुरता. त्यावरून कोणी चाललं की फळ्या किती हलतात, ते सरांना आपल्या समीकरणाशी ताडून बघायचं होतं. साकवाच्या मधोमध त्यांनी एक पेटी बसवली. किल्ली दिली की आतला कागद घड्याळाच्या चालीनं सरकायचा, आणि हादरा बसला की सुई शाईची रेघ ओढायची. मी दर रविवारी तीन ते पाच तिथं बसायचं, कोण कधी गेलं ते वहीत लिहायचं आणि कागद पोस्टानं धाडायचा. काम चोख झालं तर गटात घेऊ, म्हणाले.

मी काठावर झाडीतल्या दगडावर बसायचो. उन्हासाठी डोक्याला पांढरा पंचा. कोणी जात नसलं की सरांचं समीकरण सोडवत बसायचं.

तिसऱ्या रविवारी कागद उलगडला आणि वही पुन्हा उघडून बघितली. वहीत होतं, साडेतीन ते सव्वाचार, कोणी नाही. कागदावर मात्र पावलं! एकसारखी, सावकाश. कोणीतरी मध्यापर्यंत आलं होतं, थांबलं होतं, माघारी गेलं होतं. मग पुन्हा आलं होतं.

आणि मी तिथंच होतो हो, दहा पावलांवर!

वारा असेल म्हटलं. पण वारा असा मोजून पावलं टाकतो का? पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

वर रस्त्याच्या वळणावर धोंडूदादाचं चहाचं दुकान होतं. एसटी येईपर्यंत मी तिथं टेकायचो, पंचा पिशवीत आणि डोक्याला टोपी, असा सभ्य माणूस होऊन. सहज विचारल्यासारखं विचारलं. त्यानं आधी स्टोव्ह बंद केला.

"मास्तर, तुमी शिकलेली मानसं, तुमाला पटायचं नाय. पन इतवारी दुपारचं त्या साकवावर कोन पाय ठेवत नाय आता. कायतरी फिरतं तिथं."

"कसलं?"

"डोस्क्यावर पांढरं हाय. बोटानं वाऱ्यावर कायतरी लिवतं. मधीच थांबतं, मान हलवतं, नि माघारी फिरतं. मी हितनंच बगतो. तुमाला झाडीतनं दिसत नाय, ते बरंच हाय."

साकव बांधताना कोणी इंजिनीअर पडला असणार आणि बिचाऱ्याचं गणित अर्धंच राहिलं असणार, हे मी तिथल्या तिथं ताडलं. गणितवाल्याचं दुःख गणितवाल्यालाच कळतं.

पुढं लोक रविवारी खालून, पाण्यातून जायला लागले. साकवाच्या तोंडाशी नारळ, लिंबू, गुलाल, दहीभात दिसू लागला. म्हणजे गावालाही अनुभव आलाय! मी घाबरलो. घाबरलो की मी समीकरणात आणखी डोकं घालायचो, आणि जितकं डोकं घालावं तितकी कागदावरची पावलं वाढायची. वहीत पानभर 'कोणी नाही', आणि कागद नुसता काळा.

शहाण्यानं काम सोडलं असतं. मी काय केलं? सुई किती हलली ते मोजलं, सरांचंच समीकरण उलटं लावलं आणि भुताचं वजन काढलं. बावन्न किलो! आकडेमोड तीनदा तपासली आणि सरांना सात पानी पत्र लिहिलं.

सर पुढच्याच रविवारी स्वतः आले. मला दगडावर बसवलं, एक भलतंच अवघड गणित हातात दिलं आणि आपण वर धोंडूदादाकडे जाऊन बसले.

गणित झकास होतं. पण एका जागी अडलं ते अडलंच. किती वेळ गेला कोण जाणे. ओढ्याचा आवाज एकाएकी फार जवळून येतोय असं वाटलं. तेवढ्यात वरून धोंडूदादाचं बोलणं दरीत स्वच्छ ऐकू आलं.

"सायेब, ते बगा. आलं."

पळावं म्हणून खाली पाहिलं, तर पायाखाली फळ्या होत्या आणि फळ्यांच्या फटींतून पाणी वाहत होतं. माझं बोट हवेत एका वर्गमुळावर थबकलं होतं.

खरं सांगतो, लाज नंतर वाटली, आधी भीतीच वाटली. इतके दिवस मी असा चालत होतो आणि मलाच पत्ता नव्हता. घरी येऊन हिला विचारलं, तर ती शांतपणे म्हणाली, "गणित करताना तुम्ही फिरताच की, लग्न झाल्यापासून. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

सरांनी जाताना एकच सांगितलं होतं, वजन करून कळवा. महाडच्या बाजारात एका वखारीतल्या काट्यावर उभा राहिलो. बरोब्बर बावन्न. सरांचं समीकरण अचूक निघालं होतं, आणि गटात येण्याबद्दल मात्र पुढं एक ओळ आली नाही.

वर्षभरानं शोधनिबंधाची छापील प्रत आली. लेखकांत माझं नाव शोधलं. नव्हतं. खाली आभारांत शोधलं. तिथंही नव्हतं. चौथ्या पानावर, तक्त्यात, मात्र मी होतो: 'चालते वजन, स्थानिक, नग एक.'