गुड मॉर्निंगपासून पुन्हा

घरात प्लास्टिकच्या पिशव्या साठतात ना, तसे आमच्या इंग्रजी बोलायच्या क्लासमध्ये किस्से साठतात. कोणी मुद्दाम जमवत नाही, पण कपाट उघडलं की अंगावर पडतात!

क्लास म्हणजे मीरा रोडच्या आमच्या सोसायटीचं ऑफिस. रविवारी सकाळी कमिटीची मीटिंग नसेल तर ते मला मिळतं. मी आधी कॉल सेंटरमध्ये ट्रेनर होते, त्यामुळे साहित्य-बिहित्य शिकायला माझ्याकडे कोणी फिरकत नाही. येतात ती युनिव्हर्सिटीत पोचलेली मुलं. इंग्रजी पुस्तकं वाचतात, पेपर लिहितात, पासही होतात. फक्त वर्गात उभं राहून बोला म्हटलं की यांचा आवाज बाईकबरोबर खाली पार्किंगमध्येच राहतो.

त्यात वैष्णवीचं प्रकरण सगळ्यात अवघड. ती राईगावची. आई भाईंदरच्या बाजारात मासे विकते आणि ही एम.एस्सी. करतेय. खाडीतल्या माशांवर तिचा सेमिनार होता आणि तिने तो अख्खा पाठ केला होता. तिच्या एचओडींनी मध्येच काहीतरी विचारलं. झालं! गाडी थांबली आणि सुरू झाली ती थेट "गुड मॉर्निंग, रिस्पेक्टेड टीचर्स"पासून. त्यांनी पुन्हा विचारलं, हिचं पुन्हा गुड मॉर्निंग. वेळ संपली, मासे काही खाडीतून बाहेर आले नाहीत.

सरांनी आणखी एक संधी दिली होती. "या वेळी नाही जमलं तर मी सोडून देतेय, मॅडम," ती म्हणाली. इतकी हुशार मुलगी, आणि हे इतक्या शांतपणे बोलली की मला धडकीच भरली.

*

पहिल्याच दिवशी मी नियम केला. दाराच्या आत फक्त इंग्रजी! मराठी नाही, हिंदी नाही.

आमचा यश सावंत एम.कॉम.ला आहे. रत्नागिरीकडचा, त्यामुळे नियम पाळणार, पण आपल्या पद्धतीने. उठला, दार उघडून बाहेर गेला आणि पॅसेजमधून ओरडला, "मॅडम, पंखा जरा वाढवा ना, उकडतंय!" मग आत येऊन गपचूप बसला.

आयडिया सगळ्यांना आवडली. एकेक जण बाहेर जायला लागला तो परतच येईना. बाहेर गप्पांचा फड रंगला आणि आत मी एकटी, फळ्यासमोर. शेवटी मीही तणतणत बाहेर गेले, कारण मनासारखं ओरडायला मलाही मराठीच लागतं.

तेवढ्यात आमचे वॉचमन दुबेजी आले. रिकाम्या खोलीत डोकावून म्हणाले, "मॅडम, अंदर किसका क्लास चालू है?"

*

एकदा होमवर्क दिला, अनोळखी माणसाशी इंग्रजीत बोलून या. नया नगरच्या रेहानने बागेत चालायला आलेले एक गृहस्थ गाठले. इस्त्रीचा शर्ट, चष्मा, एकदम साहेब!

दोघं बोलायला लागले. हवामान झालं, मेट्रो झाली, पार्किंगचा प्रॉब्लेम झाला. रेहानला घाम फुटला, पण साहेब सोडेनात. शेवटी विषय संपले तेव्हा साहेबांनी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "बेटा, तेरा भी होमवर्क है क्या?"

ते दुसऱ्या कुठल्यातरी क्लासला जात होते! आता दोघांची घट्ट दोस्ती आहे. बोलतात मात्र फक्त हिंदीत.

*

यशला प्रोजेक्टसाठी मुदत वाढवून हवी होती. मी सांगितलं, सरांना ईमेल कर, पण नम्रपणे. त्याने इतकी नम्रता ओतली की काय सांगू! सरांची तब्येत, घरच्यांची तब्येत, सरांच्या शिकवण्याबद्दल आभार, सणाच्या शुभेच्छा.

"मॅडम, रिप्लाय आला!" तो नाचत आला. मी वाचलं. सरांनी लिहिलं होतं, "थँक यू. सेम टू यू."

मुदतीचं लिहायचंच राहिलं होतं.

*

प्रेझेंटेशननंतर "एनी क्वेश्चन्स?" म्हटलं की आमच्याकडे सगळे पंख्याकडे बघतात. मित्राला प्रश्न विचारणं म्हणजे त्याच्याशी दुश्मनी, असा यांचा समज. मग मुलांनीच तोडगा काढला: प्रश्न आदल्या दिवशी व्हॉट्सअॅपवर ठरवून टाकायचा.

यशचा विषय होता ऑनलाइन शॉपिंग. आयत्या वेळी त्याने बदलून भाईंदरची मिठागरं घेतली आणि रेहानला सांगायला विसरला. रेहान ऐकत थोडाच होता! शेवटी तो ऐटीत उभा राहिला, "सर, व्हॉट अबाउट द रिटर्न पॉलिसी?"

यशची पापणीही लवली नाही. सात दिवसांच्या आत, ओरिजिनल पॅकिंगसह, असं पाठ केलेलं सगळं उत्तर त्याने मिठागरांच्या फोटोसमोर उभं राहून दिलं. टाळ्या पडल्या. माझी खात्री आहे, मी सोडून कोणाला काही वावगं वाटलंच नाही.

*

वैष्णवीला पाठांतराची नाही, अडथळ्यांची प्रॅक्टिस हवी होती. ती तिच्या आईइतकी चांगली कोण देणार? मी बाजारात जाऊन त्यांना गाठलं.

"मना इंग्रजी येत न्हाय," त्या पापलेट उलटं करत म्हणाल्या.

"नकोच यायला. ती बोलत असली की मध्येच काहीतरी विचारायचं, बस."

"तां तं मी रोजच करतंय!"

त्या रात्रीपासून सुरू. खाडीची क्षारता आली की "गॅस बंद केलास?" माशांची अंडी आली की "कोलंबी कंय ठेवलीस?" सुरुवातीला पोरगी दर वेळी गुड मॉर्निंगवर जायची आणि घरात जेवायला उशीर व्हायचा. मग मी तिला एक वाक्य दिलं. हात वर करायचा आणि शांतपणे म्हणायचं, "वन मिनिट, प्लीज. लेट मी फिनिश." घरी त्यातला "प्लीज" गळून "आई" आली आणि गाडी न थांबता धावायला लागली. मी खूश!

सेमिनारच्या दिवशी मी आणि यश मागच्या बाकावर बसलो होतो. पुढे एचओडी सर, पांढऱ्या मिशा, कपाळावर कायमची आठी. वैष्णवी छान बोलत होती. तिसऱ्या स्लाइडला सरांनी मान वर केली, "बट व्हेअर डिड यू कलेक्ट दीज सॅम्पल्स?"

यशने माझा दंड घट्ट धरला.

वैष्णवीने स्लाइडवरची नजरही हलवली नाही. हात वर केला आणि म्हणाली, "वन मिनिट, आई. लेट मी फिनिश."

हॉलमधल्या सगळ्या माना सरांकडे वळल्या. तिला कळलं. कान लालबुंद झाले. मी मनात म्हटलं, आलं आता गुड मॉर्निंग!

नाही आलं. तिने पुढची स्लाइड घेतली, मग त्याच्या पुढची, आणि शेवटपर्यंत जाऊनच थांबली. मग घाम पुसत, जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "एनी क्वेश्चन्स?"

सगळे पंख्याकडे बघायला लागले. फक्त पुढच्या रांगेत सरांनी शाळेतल्या मुलासारखा हात वर केला.

"येस," ते गंभीरपणे म्हणाले, "आई हॅज वन क्वेश्चन."