भुंग्याचं बी

माझा थोरला भाऊ कोंडिबा लई हेकट. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला आमची वाडी, रानाला लागून. वाघरू शेरडं उचलायचं, पण दादाच्या कुत्र्यांम्होरं त्याची डाळ शिजायची न्हाई. तीन पिढ्यांची ती अवलाद. भुंग्या त्यातला शेवटचा. भोर संस्थानाच्या काळात लोकं लांबनं नारळ घेऊन यायची, माजावरची कुत्री भुंग्याला दाखवायची. दादा म्हणायचा, "खाण तशी माती!" कुणालाच न्हाई म्हणायचा न्हाई.

मग भुंग्याच्या जननाच्या जागी लाल गाठ आली. रगत गळायचं. दादानं हळद दाबली. "ह्याच्या बापाला न्हवती, आज्याला न्हवती. काटा लागला आसंल!" आन ह्या आडमुठ्यानं कुत्र्या लावायचं थांबवलं का? छ्या! उलट घाई केली. भुंग्या म्हातारा झालाय, बी राखाया पायजे म्हणं.

आमच्या चांदी कुत्रीला भुंग्यापास्नं चार पिल्लं झाली. ती दीड महिन्याची झाली आन चांदीलाबी तशीच गाठ दिसली. चांदी भुंग्याच्या अवलादीची न्हवती, परगावास्नं आणलेली. झालं! दादा कडाडला, "हिच्याच घराण्यात कीड हाय. पिल्लांत उतरल्याबिगर ऱ्हाणार न्हाई."

म्या पाय धरले. "एक तरी ठेव रं दादा."

"सडकं बी पेरायचं नसतं," म्हणाला. चारी पिल्लं पाटीत घातली आन कानंदी नदीच्या डोहात सोडली. रडत गेला, रडत आला.

भुंग्याला उठवंना तवा आमी त्याला बैलगाडीत घालून भोरला ढोरांच्या डाक्तराकडं नेलं. डाक्तरानं गाठ बघितली. "ही लागण आहे. जुगताना एकाची दुसऱ्याला होते."

"आमच्या चांदीलाबी हाय," म्या म्हणाले.

"मग ती ह्यानंच दिली. ह्याला कुठल्यातरी बाहेरच्या कुत्रीकडून आली असेल."

दादानं इचारलं, "आन पिल्लं, सायेब? त्यांच्यात उतरती का?"

"आईबापाच्या रक्तातून ही उतरत नाही. आईपासून लांब ठेवा, चांगली निघतील. किती आहेत?"

दादा कपाळ बडवत म्हणाला, "म्या मारली, सायेब. ह्याच हातानं मारली!"

भुंग्या गेला, चांदी गेली. पुढं दादानं कुत्रं पाळलं न्हाई. शेरडं रानात न्यायचा तवा त्यांच्या मागनं सवताच भुंकत चालायचा. लोकं हसायची. मला मातूर रडू फुटायचं.